टाकलेल्या काचांचा हिशेब

मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात असतो, हे आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याला पंचांग न उघडताही ठाऊक असते. त्या दिवसांत रोहिणीचे तारे मात्र कोणालाच दिसत नाहीत. सूर्याच्या उजेडात ते बुडालेले असतात. २९ मे १९१९ रोजी चंद्राने सूर्याला पुरते झाकले आणि ब्राझीलपासून आफ्रिकेपर्यंतच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात हे तारे भर दिवसा उघडे पडले. त्या पट्ट्यावर इंग्लंडहून आलेले चार जण दोन ठिकाणी दुर्बिणी लावून बसले होते. ब्राझीलमधील सोब्राल गावात अँड्र्यू क्रॉमेलिन आणि चार्ल्स डेव्हिडसन होते, तर आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या प्रिन्सिपे बेटावर आर्थर एडिंग्टन आणि एडविन कॉटिंगहॅम. सूर्याला घासून येणारा ताऱ्याचा प्रकाश वाकतो का आणि वाकत असेल तर किती, एवढेच त्यांना पाहायचे होते. उत्तर ६ नोव्हेंबरला लंडनमध्ये जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी ‘टाइम्स’ने विज्ञानात क्रांती झाल्याचा मथळा दिला आणि आइन्स्टाइन हे नाव प्रयोगशाळांबाहेर पडून घरोघरी पोचले.

या घटनेची गोष्ट आपल्याकडे दोन प्रकारे सांगितली जाते. एक जुना, व्याख्यानांतून ऐकू येणारा प्रकार: एडिंग्टन बेटावर गेला, ग्रहणाचे फोटो काढले, तारे सरकलेले दिसले, न्यूटन हरला, आइन्स्टाइन जिंकला. दुसरा प्रकार गेल्या तीन-चार दशकांतला आणि जरा हुशारी मिरवणारा: एडिंग्टन आधीपासूनच आइन्स्टाइनच्या बाजूचा होता, तीन दुर्बिणींपैकी एकीचे आकडे न्यूटनकडे झुकत होते, ते त्याने बाजूला सारले आणि उरलेल्यांवर विजय जाहीर केला, सारांश, विज्ञानातही शेवटी वशिलाच चालतो. पहिली गोष्ट बाळबोध आहे. दुसरी चतुर आहे, म्हणून जास्त घातक. माझे म्हणणे असे की १९१९ च्या प्रयोगाचे खरे बळ त्याने स्वीकारलेल्या आकड्यांइतकेच त्याने टाकून दिलेल्या आकड्यात आहे. तो आकडा कोणत्या कारणासाठी टाकला, ते कारण केव्हा नोंदले आणि टाकल्यावर त्या काचांचे काय केले, यात आहे. निरीक्षण टाकणे म्हणजे लबाडी, हे समीकरण मुळातच चुकीचे आहे.

आधी मोजायचे काय होते ते पाहू. आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांतानुसार सूर्याच्या कडेला स्पर्शून येणारा किरण १.७५ विकला वाकायला हवा. अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला. दोन सेंटिमीटर व्यासाचे नाणे सुमारे अडीच किलोमीटरवर धरले तर ते जेवढे दिसेल तेवढा हा कोन, म्हणजे आकाशातल्या सूर्यबिंबाच्या रुंदीचा सुमारे अकराशेवा भाग. त्यातही सूर्याच्या अगदी कडेला तारा सापडणे कठीण, कारण तिथे प्रभामंडळाची झळाळी असते. जसजसे कडेपासून दूर जावे तसतसे वाकणे कमी होत जाते. सूर्याच्या केंद्रापासून दोन त्रिज्यांच्या अंतरावर ते निम्मे. तेव्हा काचेच्या प्लेटवर प्रत्यक्षात काय मोजायचे? मिलिमीटरच्या साठाव्या भागाच्या आसपासचे सरकणे. एवढे सरकणे दुसऱ्या शंभर कारणांनी होऊ शकते: दुर्बिणीची नळी उन्हाने तापते, काचेवरचा लेप धुताना ताणला जातो, प्लेट चौकटीत किंचित तिरकी बसते.

मोजण्याची रीतही साधी नव्हती. ग्रहणात काढलेल्या प्लेटवर तारे कुठे आहेत एवढे पाहून भागत नाही. सूर्य तिथे नसताना हेच तारे कुठे दिसतात, तेही माहीत हवे. सोब्रालची मंडळी त्यासाठी जुलैपर्यंत थांबली. दीड-दोन महिन्यांत सूर्य पुढे सरकला, रोहिणी पहाटे पूर्वेला दिसू लागली, आणि त्यांनी त्याच दुर्बिणींनी, त्याच जागेवरून तोच आकाशाचा तुकडा पुन्हा टिपला. मग त्या तुकड्याची आणखी एक प्लेट त्यांनी उलटी बसवून, काचेच्या आरपार काढली. तिच्यावरचे चित्र उलटे आले, त्यामुळे ती ग्रहणाच्या प्लेटवर लेपाला लेप भिडवून ठेवता आली. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक ताऱ्याचे दोन ठिपके शेजारी-शेजारी दिसत आणि त्यांच्यातले अंतर मोजता येई. एका ठिपक्याच्या रुंदीपेक्षा कितीतरी कमी अंतर, तेही ठिपक्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत. मोजणाऱ्याच्या डोळ्यावर केवढा भार येत असेल, याची कल्पना यावरून करता येईल.

न्यूटनविरुद्ध आइन्स्टाइन हा सामनाही वाटतो तितका सरळ नव्हता. प्रकाश वाकेल, ही कल्पना आइन्स्टाइनची नव्हेच. प्रकाश कणांचा असेल तर तो दगडासारखा पडेल, हे गणित १८०१ मध्ये योहान गेओर्ग फॉन सोल्डनर या जर्मन खगोलज्ञाने मांडले होते आणि त्याचे उत्तर ०.८४ विकला आले होते. १९११ मध्ये खुद्द आइन्स्टाइनने वेगळ्या वाटेने जवळजवळ तोच आकडा काढला, ०.८३. चार वर्षांनी सिद्धांत पुरा झाला तेव्हा त्याला कळले की ही निम्मीच गोष्ट आहे. किरण पडतो हे खरे, पण सूर्याभोवतीचे अवकाशही सरळ नसते, आणि त्या वक्रतेपायी तेवढेच वाकणे आणखी पदरात पडते. म्हणून आकडा दुप्पट झाला. तेव्हा सवाल प्रकाश वाकतो की नाही एवढाच नव्हता, शून्य, न्यूटनच्या वाटेचा ०.८७ (१.७५ चा निम्मा) की १.७५, असे तीन पर्याय होते, आणि खरी झुंज पुढच्या दोघांत होती. इथे नशिबाचाही एक फेरा आहे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये क्रिमियातून ग्रहण दिसणार होते आणि एर्विन फ्रॉइंडलिश हा जर्मन खगोलज्ञ आइन्स्टाइनचा जुना, निम्मा आकडा तपासायला तिथे पोचलाही होता. तेवढ्यात महायुद्ध पेटले आणि रशियनांनी त्याला अडकवून ठेवले. कीव्हजवळ अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडी होती. तिथे ढग आले. मोजणी नीट झाली असती तर आइन्स्टाइन सपशेल चुकला असता, आणि १९१५ चा दुरुस्त आकडा हा मोजणीनंतर जुळवून घेतलेला म्हणून बदनाम झाला असता. १९१९ मध्ये आकडा आधी छापलेला होता, मोजणी नंतर झाली. एवढी एक गोष्ट संशयवाद्यांनाही मान्य करावी लागेल.

आता ग्रहणाचा दिवस. प्रिन्सिपेत सकाळी मुसळधार पाऊस झाला. दुपारी ग्रहण लागले तरी ढग हटेनात. एडिंग्टनने सोळा प्लेटा काढल्या, पण ग्रहणाकडे मान वर करून पाहायलाही त्याला फारशी उसंत मिळाली नाही, कारण प्लेटा बदलण्यातच पाच मिनिटे गेली. हाती उपयोगाच्या दोनच प्लेटा लागल्या, प्रत्येकीवर पाच तारे. सोब्रालला मात्र ऐन वेळी ढग फाटले. तिथे दोन दुर्बिणी होत्या. एक मोठी, आकाशाच्या नकाशांसाठी बनवलेली. दुसरी चार इंची भिंगाची आणि एकोणीस फूट लांबीची, ऐन वेळी मागून आणलेली, मोठीला काही झाले तर असावी म्हणून. दोन्ही दुर्बिणी जमिनीवर आडव्या ठेवल्या होत्या आणि सीलोस्टॅट म्हणतात तो फिरता आरसा सूर्याबरोबर वळत राहून प्रकाश त्यांच्यात स्थिर पाठवत होता. नियम कुठलाही असो, हातची म्हणून घेतलेली वस्तूच शेवटी कामाला येते. चार इंची दुर्बिणीच्या आठ प्लेटांपैकी सात उत्तम निघाल्या, त्यांवर सात तारे सुईच्या टोकासारखे स्पष्ट. मोठ्या दुर्बिणीच्या प्लेटांवर तारे जास्त आले, पण पसरट, ओघळल्यासारखे.

आकडे असे निघाले. चार इंची दुर्बीण: १.९८. प्रिन्सिपे: १.६१. सोब्रालची मोठी दुर्बीण: ०.९३. पहिले दोन आइन्स्टाइनच्या बाजूचे, तिसरा न्यूटनच्या दारात उभा. ग्रिनिचचे राजखगोलज्ञ फ्रँक डायसन, एडिंग्टन आणि डेव्हिडसन यांनी अहवालात तिसऱ्याला जवळजवळ काहीच वजन दिले नाही. संशयाचा सगळा डोलारा या एका निर्णयावर उभा आहे. तेव्हा तो निर्णयच नीट पाहायला हवा.

तो आकडा बाद करण्याचे कारण होते तरी काय? मोठ्या दुर्बिणीचा फोकस ग्रहणाच्या वेळी बिघडला होता. ग्रहणाआधी रात्री ताऱ्यांवर जमवला तेव्हा तो ठीक होता. जुलैत पुन्हा पाहिला तेव्हाही ठीक होता. मधल्या वेळी उन्हाने फिरता आरसा एकसारखा न तापता कुठे कमी कुठे जास्त फुगला असावा, हा त्यांचा अंदाज. आता फोकस बिघडला म्हणजे चित्र अस्पष्ट होते एवढेच नाही. चित्राचे माप बदलते. छायाचित्र किंचित मोठे वा लहान होते आणि सगळे तारे केंद्रापासून दूर वा जवळ सरकतात. अडचण इथेच आहे, कारण गुरुत्वाकर्षणानेही तारे सूर्यापासून दूरच सरकलेले दिसतात. फरक एवढाच की माप बदलल्याने होणारे सरकणे केंद्रापासून दूर जाताना वाढत जाते आणि गुरुत्वाकर्षणाचे कमी होत जाते. तारे शेकड्यांनी असतील तर हे दोन धागे सहज वेगळे काढता येतात. दहा-बारा पसरट ठिपक्यांतून वेगळे काढायचे म्हणजे चाळणीने पाणी भरण्यासारखे आहे. अहवालातच त्यांनी दाखवले आहे की या प्लेटांचे माप बदललेच नव्हते, केवळ चित्र फाकले होते असे धरले तर उत्तर ०.९३ न येता १.५२ येते. ज्या आकड्याचे उत्तर एका गृहीतकाने दीडपटीहून अधिक बदलते, त्याच्या साक्षीवर कोणाला फाशी द्यायची आणि कोणाला सोडायचे?

यावर हुशार आक्षेपक म्हणेल: हे कारण उत्तर पाहिल्यावर सुचले नसेल कशावरून? नको असलेला आकडा आला की यंत्रात खोट सापडतेच. आक्षेप रास्त आहे आणि त्याला भावनेने नव्हे, तारखेने उत्तर द्यायला हवे. मोठ्या दुर्बिणीच्या पहिल्या चार प्लेटा ग्रहणानंतरच्या रात्री, ३० मे रोजी पहाटे तीन वाजता सोब्रालमध्ये धुतल्या गेल्या, आणि फोकस मोठा बदलला असून तारे दिसत असले तरी रेखीवपणा गेला आहे, अशी नोंद तिथेच झाली. तोपर्यंत एकही तारा मोजला गेला नव्हता. या प्लेटा कोणाच्या बाजूने बोलतील, हे ब्राझीलमध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. शिवाय या प्लेटांची मोजणी एडिंग्टनने केलीच नाही. त्याच्याकडे प्रिन्सिपेचे काम होते. सोब्रालच्या प्लेटा ग्रिनिचला डायसनच्या देखरेखीखाली मोजल्या गेल्या. डॅनियल केनेफिक या भौतिकशास्त्रज्ञाने हा सगळा कागद चाळून पुस्तक लिहिले आहे आणि तोही याच निष्कर्षाला येतो: बाद करण्याचा निर्णय मुख्यतः डायसनचा होता. डायसन काही सापेक्षतेचा टाळकरी नव्हता. एडिंग्टन होता, हे खरे. पण पक्षपाती माणसाकडून प्रामाणिक मोजणी करून घ्यायची कशी, हाच तर विज्ञानाच्या रीतीचा प्रश्न आहे, आणि मोजणी दुसऱ्याच्या हाती देणे हे त्याचे एक जुने, चांगले उत्तर आहे.

दुसरा आक्षेप सरासरीचा. तिन्ही आकडे समान मानून सरासरी का काढली नाही? काढून पाहू. १.९८, १.६१ आणि ०.९३ यांची साधी सरासरी सुमारे १.५१ येते. ती आइन्स्टाइनच्या आकड्यापासून ०.२४ ने दूर आहे आणि न्यूटनच्या आकड्यापासून ०.६४ ने. म्हणजे सगळ्यात वाईट साक्षीदाराला सगळ्यात चांगल्याच्या मांडीला मांडी लावून बसवले तरी कौल फिरत नाही. बाद करण्यामुळे निकाल बदलला हा आरोप करणाऱ्यांनी ही तीन आकड्यांची बेरीज क्वचितच करून पाहिलेली असते.

तिसरा आक्षेप माझ्या मते सर्वांत जड आहे. सोब्रालच्या मोठ्या दुर्बिणीच्या प्लेटा अस्पष्ट म्हणून बाद, मग प्रिन्सिपेच्या दोन ढगाळ प्लेटा का चालल्या? पाच ताऱ्यांवर कसला निकाल? याला निम्मे उत्तर आहे. प्रिन्सिपेच्या भिंगातून आकाशाचा एक वेगळाच तुकडा, सूर्याचा जिथे संबंध नाही असा, आधी इंग्लंडमध्ये आणि नंतर बेटावर, दोन्हीकडे टिपला होता. त्यामुळे मापात कितपत फरक पडतो याचा स्वतंत्र दाखला एडिंग्टनकडे होता. सोब्रालच्या मोठ्या दुर्बिणीसाठी असा दाखला नव्हता. उरलेले निम्मे मात्र मान्यच करायला हवे: प्रिन्सिपेला इतिहासात जे स्थान मिळाले ते त्या दोन प्लेटांच्या लायकीपेक्षा पुष्कळ मोठे आहे. एडिंग्टनची लेखणी फर्डी होती, बेट रम्य होते, ढगांमुळे नाट्य होते. सोब्रालला गेलेले दोघे अबोल होते आणि त्यांची मागून आणलेली दुर्बीण त्याहून अबोल. पण १९१९ च्या निकालाचा भार तिनेच वाहिला आहे. प्रिन्सिपे गाळले तरी निकाल उभा राहतो. चार इंची दुर्बीण गाळली तर उरते ते फारच लंगडे.

त्या १.९८ बद्दलही लोक कुरकुरतात की तो १.७५ पेक्षा जास्तच आहे. अहवालात त्याच्यापुढे अधिक-उणे ०.१२ लिहिले आहे. इथे एक बारकावा हमखास निसटतो. त्या काळी अधिक-उणे म्हणून जो आकडा देत तो ‘संभाव्य त्रुटी’चा असे, म्हणजे खरे उत्तर त्या मर्यादेत असण्याची आणि नसण्याची शक्यता निम्मी-निम्मी. आज आपण वापरतो ते प्रमाण विचलन याच्या सुमारे दीडपट असते. त्या हिशेबाने १.९८ आणि १.७५ यांच्यातले अंतर एका विचलनाहून थोडेसेच जास्त आहे, म्हणजे नवल वाटण्यासारखे काही नाही. ०.८७ पासूनचे अंतर मात्र सहा विचलनांचे आहे. जुन्या कागदावरचा आकडा आजच्या चष्म्यातून वाचला की असे गैरसमज होतात.

आणि मग या टाकलेल्या काचांचे पुढे काय झाले? त्या फोडल्या नाहीत, हरवल्या नाहीत. अहवालात त्यांचा आकडा, दोन्ही गृहीतकांसकट, छापला गेला आणि काचा ग्रिनिचच्या संग्रहात राहिल्या. साठ वर्षांनी, १९७९ च्या सुमारास, आइन्स्टाइनच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने सोब्रालच्या प्लेटा बाहेर काढून नव्या मोजणीयंत्रावर तपासण्यात आल्या. आता सगळ्या ताऱ्यांची स्थाने एकदम, संगणकाने हिशेब करून काढता येत होती. चार इंची दुर्बिणीचे उत्तर आले १.९०. आणि बाद ठरवलेल्या मोठ्या दुर्बिणीचे १.५५, अधिक-उणे ०.३४. न्यूटनच्या दारात उभा असलेला साक्षीदार, नीट प्रश्न विचारल्यावर, आइन्स्टाइनच्या बाजूने बोलला. डायसनने काढलेले १.५२ या आकड्याच्या किती जवळ होते, तेही पाहण्यासारखे आहे. ज्याला काही लपवायचे असते तो पुरावा आणि त्याविरुद्धचा स्वतःचा हिशेब, दोन्ही पुढच्या पिढीसाठी कपाटात नीट लावून ठेवत नाही.

तरीही एक ग्रहण म्हणजे एकच ग्रहण. १९१९ वर कोणी पूर्ण विसंबले नाही, हे फार चांगले झाले. २१ सप्टेंबर १९२२ चे ग्रहण टिपायला लिक वेधशाळेचा विल्यम वॉलेस कॅम्बेल ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर वालाल इथे गेला. आठ वर्षांपूर्वी कीव्हजवळ ज्याचे ढगांनी वाटोळे केले तो हाच. आइन्स्टाइन खरा ठरावा अशी त्याला मुळीच घाई नव्हती. तुलनेच्या प्लेटा त्याच्या माणसांनी चार महिने आधीच ताहिती बेटावर काढून ठेवल्या, मोठ्या क्षेत्राचे कॅमेरे वापरले, आणि सात-बारा नव्हे तर डझनावारी तारे पकडले. उत्तर १.७२. खरे म्हणजे ‘सिद्ध झाले’ हा शब्द कुठे वापरायचाच असेल तर तो इथे शोभतो. या कॅम्बेलचा आपल्याशी एक जुना धागा आहे. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास ग्रहण पाहायला तो सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला आला होता. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी नेगमवाला यांचाही तळ तिथेच होता. त्याच ग्रहणासाठी जॉन एव्हरशेड वऱ्हाडात तळणीला उतरला होता. पुढे तो कोडाईकनाल वेधशाळेचा संचालक झाला आणि १९२२ मध्ये तिथली तुकडी घेऊन वालालला पोचला. जेऊरचा आणि तळणीचा असे दोघे चोवीस वर्षांनी एकाच वाळवंटी किनाऱ्यावर तंबू ठोकून होते. एव्हरशेडच्या यंत्राने दगा दिला आणि भारतातून गेलेल्या तुकडीच्या हाती काही लागले नाही. विजयदुर्गावर हेलियम सापडल्याची कथा आपण हौसेने सांगतो, जरी हेलियमची रेषा १८६८ ची आणि विजयदुर्गावर इंग्रज खगोलज्ञ लॉकयर आला तो १८९८ मध्ये. त्यापेक्षा जेऊर-तळणी-वालालचा हा खरा धागा सांगण्यासारखा आहे, यश नसले तरी.

शेवटचा मोठा आक्षेप असा की प्रकाश वाकला असेल, पण गुरुत्वाकर्षणानेच कशावरून? सूर्याभोवती वायू आहे. पाण्यात काठी वाकडी दिसते तसे हे वक्रीभवन असेल. १९१९ मध्ये लंडनला निकाल जाहीर झाला त्या सभेतच ही शंका निघाली होती. तेव्हाचे उत्तर असे होते की एवढे वक्रीभवन व्हायला सूर्याभोवती फार दाट वायू लागेल, आणि तसा तो असता तर सूर्याच्या जवळून जाणारे धूमकेतू निमूटपणे पार झाले नसते. उत्तर पटण्यासारखे, पण आडून दिलेले. थेट उत्तर रेडिओ दुर्बिणींनी दिले. ३सी २७९ नावाचा एक क्वेसार, म्हणजे रेडिओ लहरी सोडणारा अतिदूरचा उगम, आहे. दर वर्षी ऑक्टोबरच्या आठ तारखेच्या सुमारास सूर्य त्याच्या समोरून जातो. रेडिओ लहरींना सूर्याच्या उजेडाची अडचण नाही, त्यामुळे ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही. सूर्याभोवतीचा वायू कमी कंपनांच्या लहरी जास्त आणि जास्त कंपनांच्या कमी वाकवतो. गुरुत्वाकर्षण असा भेदभाव करत नाही. दोन वेगवेगळ्या कंपनांवर मोजले की वायूचा वाटा वजा करता येतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत या रीतीने आइन्स्टाइनचा आकडा एक टक्क्याच्या आत पटला होता. पुढे खंडोखंडीच्या रेडिओ दुर्बिणी जोडून तो दहा हजारांत काही भाग इतका काटेकोर तपासला गेला. शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानाच्या रेडिओ संदेशांवर सूर्याचा काय परिणाम होतो, हे पाहून २००३ मध्ये जाहीर झालेली तपासणी त्याहूनही काटेकोर होती. भिंगाच्या दुर्बिणीने ग्रहणातले मोजमाप मात्र कधीच सरळ रेषेत सुधारत गेले नाही. फ्रॉइंडलिशला १९२९ मध्ये सुमात्रात २.२४ मिळाले. १९७३ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या तुकडीने मॉरिटानियाच्या वाळवंटात, धुळीने भरलेल्या हवेत एवढा खटाटोप करूनही त्रुटी सुमारे अकरा टक्क्यांची राहिली. म्हणून १९१९ च्या ढोबळपणाला हसण्यापूर्वी ही रांग नजरेखालून घालावी.

मग या ग्रहणांचा आता उपयोग काय, असे कोणी विचारील. शोधासाठी काही नाही. २०२५ पर्यंत अवकाशातून ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या गाइया उपग्रहाला तर सूर्याने वाकवलेला प्रकाश ही केवळ एक कटकट होती. सूर्यापासून नव्वद अंश दूर असलेल्या ताऱ्याचाही प्रकाश विकलेच्या हजाराव्या भागाच्या चौपट वाकतो आणि गाइयाची नजर त्याहून कितीतरी बारीक होती; प्रत्येक ताऱ्याच्या नोंदीतून आइन्स्टाइनचा आकडा वजा केल्याशिवाय त्याची यादी बनतच नाही. ज्याच्यासाठी १९१९ मध्ये समुद्र ओलांडला, ते आता हिशेबातून काढून टाकायचे ओझे आहे. रीत शिकण्यासाठी मात्र ग्रहणासारखी शाळा नाही. २१ ऑगस्ट २०१७ ला अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात डोनाल्ड ब्रुन्स या निवृत्त भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याने, बाजारात मिळणाऱ्या दुर्बिणीने आणि डिजिटल कॅमेऱ्याने, हे मोजमाप केले. उत्तर १.७५, त्रुटी तीन टक्के. त्याच्या दुर्बिणीचे भिंग सोब्रालच्या अबोल दुर्बिणीएवढेच होते, चार इंचांचे.

तेव्हा हे काम आता आपल्या एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा हौशी आकाशनिरीक्षकांच्या गटाच्या आवाक्याबाहेरचे नाही. २ ऑगस्ट २०२७ ला स्पेनच्या दक्षिणेपासून इजिप्तपर्यंत आणि पुढे अरबस्तानावरून खग्रास ग्रहणाचा पट्टा जातो. महाराष्ट्रात ते दुपारनंतर, खंडग्रासच दिसेल. जाणाऱ्यांनी तुलनेसाठीचा आकाशाचा तो तुकडा आधीच्या जानेवारी-फेब्रुवारीत, पुष्य रात्री माथ्यावर असताना, त्याच दुर्बिणीने टिपून ठेवावा, कारण ग्रहणाच्या दिवशी सूर्य पुष्यातच असेल. फोकस रात्रीचा आणि दुपारचा, दोन्ही वहीत नोंदावा. कोणती चित्रे कशामुळे बाद ठरवायची, हे एकही तारा मोजण्याआधी लिहून त्याखाली तारीख घालावी, आणि बाद झालेली चित्रेही जपून ठेवावीत. लक्झरजवळ खग्रास अवस्था सहा मिनिटांहून जास्त टिकणार आहे, सोब्रालला मिळाली होती त्यापेक्षा मिनिटभर अधिक.